पॉज कर ना दोन मिनिटं

प्रश्न ठरलेला असतो, विचारणारे तेवढे बदलतात. "घरातच तर आहेस, पॉज कर ना दोन मिनिटं." ताई फोनवर म्हणते, नवरा दारातून म्हणतो, आणि ऑफिसातल्या एका मैत्रिणीने तर पॉजचं बटण कुठे सापडेल तेही मला समजावलं होतं. झ्विफ्ट म्हणजे खोलीत जागेवर मारलेलं पेडल पडद्यावरच्या रस्त्यावर धावतं ते ॲप, सायकल ट्रेनरवर, म्हणजे ती जागेवरच फिरवायच्या स्टँडवर कशी चढवतात, खोलीतल्या खोलीत एवढा घाम कसा येतो, हे सगळं तुम्हाला सांगून झालंय. आज फक्त पॉजचं बोलते.

एकटी चालवत असले तर थांबता येतं. पाय थांबले की पडद्यावरची मी हळूहळू मंदावते आणि एक पाय जमिनीला टेकून उभी राहते. ग्रुप राईडमध्ये, म्हणजे आपापल्या घरातून बरेच जण एकाच वेळी त्याच रस्त्यावर चालवतात तेव्हाही, ती अशीच उभी राहते. बाकीचे मात्र राहत नाहीत.

दोन मिनिटांचा हिशेब करून बघा. ताशी ३० किलोमीटरने चाललेला घोळका दोन मिनिटांत एक किलोमीटर पुढे जातो. तो गाठायला मी ताशी ३३ ने निघाले, तर वीस मिनिटं लागतात. सपाटीवर बहुतेक ताकद जाते ती हवेशी झुंजण्यात, आणि वेग दहा टक्के वाढवायचा तर वॅट, म्हणजे पायांची ताकद, तीस टक्क्यांच्या आसपास जास्त घालावे लागतात. शिवाय घोळक्यात पुढच्याच्या आडोशाला राहून जी ताकद वाचते, ती एकटं पडल्यावर वाचत नाही. ड्राफ्टिंग म्हणतात ते हेच, आणि झ्विफ्टने ते पडद्यावरही आणलंय. म्हणजे जास्त वॅट घालायचे, तेही आडोशाशिवाय, वीस मिनिटं. माझी तेवढी ऐपत नाही. तुमची दोन मिनिटं म्हणजे माझी अख्खी राईड असते.

यावर नवऱ्याचं उत्तर तयार असतं. सगळ्यांना बांधून ठेवणाऱ्या राईडही असतात ना? असतात. त्यात कोणी शंभर वॅट मारो की तीनशे, ॲप सगळ्यांना एकाच घोळक्यात ठेवतं. पाय हलते ठेवले म्हणजे झालं. नवख्यांसाठी सोय उत्तम आहे आणि मीही सुरुवात तिथेच केली. पण तिथे कोणी मागे पडतच नाही, त्यामुळे कोणाला कोणासाठी थांबावंही लागत नाही. मला ती गर्दी वाटते, ग्रुप वाटत नाही. आता हे माझं खूळ आहे म्हणालात तर मी भांडणार नाही.

मी जाते त्या राईडमध्ये लीडरच्या डोक्यावर पिवळा बीकन, म्हणजे दिवा, असतो आणि स्वीपच्या डोक्यावर लाल. स्वीपने शेपटाशी राहायचं. कोणी सुटलं की मागे यायचं, त्याच्या जरा पुढे राहून त्याला आडोसा द्यायचा आणि ओढत ओढत घोळक्यात आणून सोडायचं. ऐकायला सोपं आहे. पाच वॅट जास्त झाले की मागचा सुटतो, कमी झाले की तोच पुढे निघून उघड्या वाऱ्यात येतो. नजर पडद्यावरून काढता येत नाही. त्यातच घामट बोटांनी फोनवर टाइप करायचं, "मागेच राहा, मी आहे."

त्या दिवशी लाल बीकन माझ्याकडे होता. अर्धी राईड झाल्यावर एक जण सुटला. जण म्हणते, पण बाई होती की पुरुष मला ठाऊक नाही. दोन आद्याक्षरं आणि एक झेंडा, एवढीच ओळख. मी वेग उतरवला, मागे आले. त्याने लिहिलं, आजारपणानंतरची पहिलीच राईड आहे, तुम्ही पुढे जा. लोक असं लिहितात तेव्हा त्यांना आपण पुढे जायला नको असतं, एवढं मला कळतं. मी लिहिलं, माझं कामच मागे राहायचं आहे. वजनाच्या दर किलोमागे तो दीड वॅटच्या आसपास होता, घोळका दोनच्या. पुढचे लांब जात होते. मी लीडरला कळवलं, त्याने वेग जरा कमी केला आणि अंतर मिटायला लागलं. पडद्यावरचे सेकंद एकेक करत उतरत होते. पन्नास, अठ्ठेचाळीस, मधेच पुन्हा एकावन्न, मग पंचेचाळीस.

आणि दार वाजलं.

घरी आई होती, पण तिचे गुडघे त्या दिवसांत धड नव्हते. कुरियरवाल्याला सही हवी होती. आईने हाक मारली, पुन्हा मारली, आणि मग तेच, "अगं, पॉज कर ना दोन मिनिटं." मी उतरले. टॉवेल गळ्यात, पेडलला अडकणारे क्लीटचे बूट फरशीवर टकटकत, दार उघडलं, सही केली. त्या माणसाचं पेन चालत नव्हतं, दुसरं शोधण्यात वेळ गेला. परत आले तेव्हा पडद्यावरची मी पाय टेकून उभी, डोक्यावर लाल दिवा तसाच, आणि आजूबाजूला कोणी नाही. खाली तीन ओळी आल्या होत्या.

"तुम्ही आहात का?"

"माझ्यामुळे थांबू नका."

"धन्यवाद, मी सोडतो."

हे तिन्ही इंग्रजीत होतं, त्यामुळे 'सोडतो' की 'सोडते' हेही मला कळलेलं नाही. मी भराभर लिहिलं, दाराशी गेले होते, आलेच. पण ते नाव यादीतून निघून गेलं होतं. निरोप पोचला की नाही, कोण जाणे.

घरात सांगितलं तर सगळे हसले. वाईट हेतूने नाही. कोण कुठला माणूस, तुला ओळखत नाही, तुझ्यावाचून त्याचं काय अडलं? आणि खरं सांगू? पूर्वीची मी हेच म्हणाले असते. हा प्रकार नवा होता तेव्हा पडद्यावरच्या बाहुल्या म्हणून सगळ्यात जास्त टिंगल मीच करायचे. माझी सायकल खोलीबाहेर गेलेली नाही आणि नोंद झालेला पडद्यावरचा रस्ता खऱ्या नकाशावर सॉलोमन बेटांपाशी उमटतो, याचं मला आजही हसू येतं. ती जुनी मी मला विचारते, समोर माणूस आहे याची खात्री काय? माणसाच्या वेगाने चालणारे रोबोपेसर, म्हणजे ॲपच चालवतं ते सायकलस्वार, तिथे आहेतच. तुझ्या आद्याक्षरांत आणि त्यांच्यात फरक काय?

फरक असा की रोबोपेसर "माझ्यामुळे थांबू नका" म्हणत नाही. तिला हे पटत नाही.

मग मी २०२० काढते. त्या वर्षी डिसेंबरमध्ये यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, झ्विफ्टवर पहिली ई-स्पोर्ट्स विश्वविजेतेपद स्पर्धा घेतली. महिलांत ॲशली मूलमन-पासिओ जिंकली, पुरुषांत जेसन ऑसबोर्न हा जर्मन नौकानयनपटू. सगळे आपापल्या जागी ट्रेनरवर, आणि विश्वविजेत्याची जर्सी खरी! तुमच्यापुढे मी हा हुकमाचा पत्ता म्हणून टाकते आणि तुम्ही गप्प बसता. पण ती शर्यत होती. शर्यतीत मागे पडणाऱ्यासाठी कोणी थांबत नाही, त्यामुळे माझ्या मुद्द्याला तिचा काडीचा उपयोग नाही. हे तुम्हाला सुचायच्या आत मीच सांगून टाकते.

आईच्या गुडघ्यांपेक्षा अनोळखी माणसाची राईड मोठी, असं मी म्हणत नाहीये. तो अर्थ तुम्ही काढता. तीच वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा उतरेन. फक्त उतरल्याने काही बिघडलं नाही, असं माझ्याकडून वदवून घेऊ नका. कोणीतरी माझ्या भरवशावर वेग धरून होतं आणि मी सही करत होते. दोन्ही खरं आहे, आणि यातून मला वाट सापडलेली नाही.

ते नाव पुन्हा दिसलं नाही. सुरुवातीच्या रांगेत सगळे उभे असतात तेव्हा मी यादी खालपर्यंत चाळते, हे नवऱ्यालाही ठाऊक नाही. त्याला वाटतं मी वॉर्मअप करते.

स्वीपचं काम मी सध्या घेत नाही. लीडरने परवा विचारलं, पुढच्या महिन्यापासून धरू का तुला? त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.