शेअर्ड फोल्डरची साफसफाई: आठवडा तिसरा

पुस्तकांच्या नोंदींचं माझं ॲप आता तीन फोल्डरांत बसलंय: क्लायंट (ब्राउझरमध्ये चालणारा भाग), सर्व्हर आणि शेअर्ड (दोन्हीकडे लागणारा कोड). एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणारं साधन) वर्कस्पेसेसमुळे तिन्ही एकाच रिपोत, म्हणजे कोडच्या एकाच साठ्यात, आहेत आणि एकदा इन्स्टॉल केलं की सगळ्यांची पॅकेजेस येतात. एवढं पहिल्याच आठवड्यात झालं होतं. खरं काम त्यानंतर निघालं.

दोन्हीकडे लागेल असं वाटलेलं सगळं मी शेअर्डमध्ये टाकत गेले. तारीख दाखवणारं फंक्शन होतं, त्याच फाइलीत डिस्कवरून सेटिंग्ज वाचणारी ओळही होती. मंगळवारी क्लायंटमध्ये नुसतं तारखेचं फंक्शन इम्पोर्ट केलं आणि पान कोरं! डिस्कवरच्या फाइली वाचणारं 'एफएस' मॉड्यूल सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये असतं, ब्राउझरला ते कुठून मिळणार? एक फंक्शन मागितलं तरी फाइल अख्खी चालते.

सेटिंग्ज सर्व्हरमध्ये हलवल्या. मग शेअर्डच्या टीएसकॉन्फिगमध्ये (टाइपस्क्रिप्टच्या, म्हणजे टाइप तपासणाऱ्या जावास्क्रिप्टच्या, सेटिंग्जच्या फाइलीत) 'लिब'मध्ये फक्त ईएस२०२२ (निव्वळ भाषा) ठेवलं, डॉम (ब्राउझरच्या गोष्टी) काढलं आणि 'टाइप्स'ची यादी (जिथून नोडच्या गोष्टी येतात) रिकामी केली. आता तिथे 'विंडो' लिहिलं तरी एरर, 'प्रोसेस' लिहिलं तरी एरर. 'कन्सोल'सुद्धा ओळखत नाही, कारण तो भाषेचा भागच नाही, ब्राउझर किंवा नोड तो पुरवतो. हे मला फार आवडलं. नियम लक्षात ठेवायची गरज उरली नाही, कंपायलरच अडवतो.

दुसरी चूक जास्त छुपी होती. पुस्तकाच्या शेअर्ड टाइपमध्ये 'वाचून संपवल्याची तारीख' डेट होती. सर्व्हरवर ती खरंच डेट असते, पण जेसनमधून (डेटा मजकूर म्हणून पाठवायची पद्धत) जाताना तिची स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, होते. क्लायंटवर वर्ष काढायला गेले तर 'गेटफुलइयर हे फंक्शन नाही' असा एरर. टाइपस्क्रिप्ट गप्प राहिलं, कारण फेचच्या उत्तराचं 'जेसन' फंक्शन 'एनी' (काहीही चालेल असा टाइप) देतं आणि त्याला आपण हवा तो टाइप चिकटवतो. आता शेअर्डमध्ये फक्त नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाचा आकार आहे, तारीख आयएसओ स्ट्रिंग. डेटाबेसचा टाइप सर्व्हरमध्येच राहतो आणि मधलं रूपांतर एका छोट्या फंक्शनमध्ये. उत्तर तपासायला झॉड या लायब्ररीचा स्कीमाही (डेटा कसा असावा याचं वर्णन) शेअर्डमध्येच ठेवला.

डेव्हलपमेंटमध्ये वीटचा (क्लायंट चालवणारं आणि बिल्ड करणारं साधन) प्रॉक्सी लावला, तो क्लायंटच्या विनंत्या सर्व्हरकडे पोचवतो, त्यामुळे कॉर्सची (दुसऱ्या पत्त्यावरचं उत्तर ब्राउझरने अडवण्याची) कटकट गेली. एन्व्ह व्हेरिएबलच्या (कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंगच्या) नावाआधी 'वीट_' लावलं की ते बंडलमध्ये, म्हणजे ब्राउझरकडे जाणाऱ्या कोडमध्ये, जातं, म्हणून गुप्त कीला ते कधीच लावायचं नाही.

क्लायंटमधून सर्व्हरचं इम्पोर्ट अडवणारा ईएसलिंटचा (कोड तपासणारं साधन) नियम अजून लिहायचाय. 'इम्पोर्ट टाइप'ला (नुसता टाइप आणणाऱ्या इम्पोर्टला) सूट द्यावी की नाही, यावर अडलेय. टाइप बिल्डमध्ये पुसले जातात हे खरं, पण एकदा दार उघडलं की डेटाबेसचा आकार पुन्हा क्लायंटमध्ये शिरेल. सध्या कल 'नाही'कडे आहे.