कचरा दिसला तर चालेल, प्रश्नचिन्हं नकोत

मराठी, रशियन आणि फ्रेंच मजकूर एकाच पुस्तिकेत लावायचा होता. तिन्ही साध्या टेक्स्ट फाइली, वेगवेगळ्या संगणकांवर तयार झालेल्या. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या तर फ्रेंचखेरीज काहीच वाचता येईना. फ्रेंच फाइल विंडोज-१२५२ या जुन्या कॅरॅक्टर सेटमधली (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर, हे ठरवणाऱ्या तक्त्यातली) होती आणि बाकीच्याही तशाच धरून वाचल्या गेल्या होत्या.

मराठीच्या जागी दर अक्षराला तीन-तीन चिन्हांचा पुंजका होता, पहिलं चिन्ह सगळीकडे तेच. असा पुंजका दिसला की मला उलट हायसं वाटतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत ३ बाइट घेतं, म्हणजे मजकूर शाबूत आहे, नुसता चुकीचा वाचला जातोय. फाइल पानावर घेताना (‘प्लेस’) ‘शो इम्पोर्ट ऑप्शन्स’वर खूण करून कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ केला, मराठी आली.

रशियन विंडोज-१२५१ या सिरिलिक (रशियन) लिपीच्या जुन्या सेटमधली निघाली. ती नोटपॅड++ या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली, तो सेट निवडला आणि अक्षरं नीट दिसल्यावरच यूटीएफ-८ केली. तिथल्या एन्कोडिंगच्या मेनूत नुसतं ‘यूटीएफ-८’ आणि ‘कन्व्हर्ट टू यूटीएफ-८’ असे दोन पर्याय असतात. पहिला फक्त वाचायची रीत बदलतो, दुसरा बाइटच बदलतो. अक्षरं वेडीवाकडी दिसत असताना दुसरा दाबला की कचरा पक्का होतो.

एका मराठी परिच्छेदात मात्र नुसती प्रश्नचिन्हं होती. कुणीतरी तो एएनएसआय म्हणून, म्हणजे देवनागरी नसलेल्या जुन्या सेटमध्ये, सेव्ह केलेला, मूळ बाइटच गेलेले. तिथे खटपट व्यर्थ. मूळ फाइल मागवली.

रशियनमध्ये उरलेल्या गुलाबी चौकटी फॉन्टच्या होत्या. त्यात सिरिलिक अक्षरंच नव्हती. मराठीत पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडत होती, जोडाक्षरं सुटत होती. इनडिझाइनमधला वर्ल्ड-रेडी कंपोझर (अशा लिप्यांची अक्षरं नीट जुळवणारा पर्याय) लावला, जागेवर आली.

वेळ खाल्ला तो ‘दुसऱ्या’ या शब्दाने. दिसायला सगळीकडे सारखा, पण शोधला की काही जागा सापडतच नाहीत. कुठे ‘ऱ’ हे एकच चिन्ह, कुठे ‘र’ आणि वेगळा नुक्ता (अक्षराखालचं टिंब), कुठे ‘र’, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. पहिल्या दोन रूपांना युनिकोडचं एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करायची रीत) एकत्र आणतं. तिसऱ्याला हात लावत नाही, म्हणून ते शोधून-बदलून घेतलं. झेडडब्ल्यूजे सरसकट मात्र पुसला नाही. काही जोडाक्षरांत तो मुद्दाम घातलेला असतो.