पट्टा लावलेलं क्रेट

दाजींनी गेल्या वर्षी गाडी घेतली. जर्मन, काळीशार आणि लांबलचक. दिंडोरीच्या मळ्यातल्या शेडमध्ये ती शिरते, पण शेपूट बाहेरच राहतं. पाऊस आला की तेवढ्यावर ताडपत्री टाकतात. श्रावणात ताईकडे गेलो तेव्हा दाजींनी किल्ली पुढे केली. "चल, गडावर जाऊन येऊ. तूच चालव."

किल्ली म्हणायची, पण ती खिशातच ठेवायची असते. बटण दाबलं. इंजिन सुरू झालं की नाही, हे पडदा वाचून कळलं.

वणीच्या वाटेवर एक खड्डा चुकवायला गाडी जरा उजवीकडे घेतली, तर स्टीअरिंग हातात थरथरलं आणि मला परत डावीकडे ओढायला लागलं. मी पांढरी पट्टी ओलांडतोय, असं तिचं म्हणणं. खड्ड्याबद्दल तिला काही म्हणायचं नव्हतं.

नांदुरीपासून गडाचा घाट लागला आणि ढग अंगावर आले. काच आतून धुरकटली. मी सवयीने बटण चाचपडलं, तर हाताला नुसती गुळगुळीत काच. दाजी शेजारून वाकले. "थांब, ते तिसऱ्या पानावर आहे." तिसरं पान सापडेपर्यंत एक वळण मी अंदाजाने काढलं. युरोपात गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपलाही बहुधा असाच घाम फुटला असावा. वायपर, हॉर्न, इंडिकेटर यांसारख्या गोष्टींना हाताला लागणारी बटणं-दांडे नसतील, तर 2026 पासून पाच तारे मिळवणं अवघड, असं त्यांनी ठरवून टाकलं.

वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती. गिअरचा दांडा स्टीअरिंगलाच, वजन जेमतेम नऊशे किलो. दाजींची गाडी दोन टनांच्या घरात. कसारा चढताना वडील रेडिओ बंद करायला लावायचे, इंजिन ऐकू यावं म्हणून. आवाज जड झाला की दुसरा गिअर. चाकाखाली खडी आली, ओला रस्ता आला, की ते स्टीअरिंगमधून थेट त्यांच्या तळव्यांना कळायचं. आता स्टीअरिंग विजेच्या मोटारीवर फिरतं. एका बोटाने वळतं, इंधनही वाचतं, कारण मोटार वळवण्यापुरतीच वीज खाते. पण रस्त्याचा निरोप वाटेतच कुठेतरी गडप होतो. त्यात आवाज येऊ नये म्हणून काचा दुहेरी करायच्या, आणि मग काही गाड्यांत इंजिनाचा आवाज स्पीकरमधून आत सोडायचा. आधी घराला झडपा लावून अंधार करायचा आणि मग भिंतीवर सूर्याचं चित्र टांगायचं, त्यातलाच प्रकार.

तरी पद्मिनीचे गोडवे मी एका मर्यादेपर्यंतच गाईन. मागच्या सीटला पट्टे नाहीत, एअरबॅग नाही, आणि आम्ही चार पोरं मागे एकमेकांच्या मांडीवर. दोन टनांतलं बरंच वजन आमच्यासारख्यांचा जीव वाचवायला घातलेलं आहे, हे कबूल. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा तुकडा 5 जून 2025 ला सुरू झाला, तेव्हापासून दाजी मुंबईला त्याच रस्त्याने जातात. ताशी 120 ला कपातला चहासुद्धा हलत नाही म्हणतात. मात्र हे ते मागच्या सीटवरून सांगतात. चालवायला ड्रायव्हर असतो.

माझी खरी गोम तिथेच आहे. ही गाडी मागे बसणाऱ्यासाठी घडवलेली आहे, पुढचा माणूस नाइलाजाने ठेवलाय. मळ्यात, मार्केट यार्डात, लग्नाच्या सामानाला दाजी आजही नाशिकमध्येच तयार होणारी बोलेरो काढतात. काळीचं पोट बांधावरच्या उंचवट्याला एकदा घासलं. त्या दिवशीचा आवाज ताई अजून तोंडाने काढून दाखवते.

निघताना ताईने टोमॅटोचं क्रेट आणलं. बोलेरोला चिखल होता, म्हणून मला नाशिकपर्यंत काळीतूनच सोडायचं ठरलं. डिकी आपोआप उघडली, अगदी अदबीने. आत स्टेपनी आडवी पसरलेली, पिशवी घालून. खाली जागाच ठेवलेली नाही म्हणून ती वर. क्रेट उभं केलं, आडवं केलं, तिरकं केलं. डिकी अर्ध्यावर यायची आणि तितक्याच अदबीने परत वर जायची.

"मागे ठेव," दाजी म्हणाले. क्रीम रंगाच्या चामड्यावर त्यांनी आधी कालचा पेपर अंथरला, मग पोतं, मग क्रेट. गाडी हलली आणि टिंग टिंग सुरू झालं. मागचा प्रवासी बिनपट्ट्याचा आहे, असं पडद्यावर लाल अक्षरात आलं. दाजी उतरले, मागचं दार उघडलं, क्रेटला पट्टा लावला. टिंग टिंग थांबलं.

गंगापूर रोडला पोचेपर्यंत टोमॅटोंना थंडी वाजत असणार. मागचा एसी कमी कसा करायचा, ते पान आम्हा दोघांनाही सापडलं नाही.