उलट्या खुरांच्या खुणा

रविवार, रात्र

आज पुन्हा ग्रीक देव हर्मीसचं होमरी स्तोत्र (होमरच्या नावावरचं जुनं ग्रीक स्तोत्र) काढून बसले. पहाटे जन्म, दुपारी कासवाच्या कवचाची वीणा, आणि दिवस मावळताच थोरल्या भावाच्या, अपोलोच्या, पन्नास गाई पळवल्या! ग्रीसमधल्या पिएरियाहून त्या उलट्या चालवत नेल्या, माग काढणाऱ्याला खुणा माघारी जाताना दिसाव्यात म्हणून. मग गुपचूप दुपट्यात शिरून झोपेचं सोंग.

सकाळी ऋग्वेदातलं सरमा-पणींचं सूक्त वाचलं होतं, १०.१०८. पणी म्हणजे इंद्राचे शत्रू; त्यांनी गाई दडवलेल्या. इंद्राची दूती सरमा, देवांची कुत्री, रसा नदी ओलांडून त्यांच्या मागावर येते. ते तिला बहीण म्हणून फितवू पाहतात, ती बधत नाही. तिची संतती सारमेय. एकोणिसाव्या शतकात जर्मन भाषाभ्यासक आडाल्बर्ट कूनने सारमेय आणि हर्मीस ही एकाच मुळातली नावं मानली. किती मोह पडतो! पण भाषांतले ध्वनी बदलण्याच्या नियमांत ते बसत नाही, तेव्हा सोडून द्यायलाच हवं. आकाशदेव द्यौस् आणि ग्रीकांचा देवराज झ्यूस, उषस् आणि ग्रीक उषादेवी एऑस ही नाती मात्र पक्की. वैदिक देव पूषन् आणि ग्रीक देव पॅन यांचंही बऱ्याच अभ्यासकांना पटतं: पॅन बोकडाच्या पायांचा, पूषनाचा रथ बोकड ओढतात, आणि हरवलेल्या गुरांमागे जाणारा तोच. 'पूषा गा अन्वेतु नः'.

नावांपेक्षा मला चोर कोणाला म्हणायचं हेच जास्त छळतंय. वेदात चोर पणी, आपण सोडवणारे. लढाईलाच 'गविष्टि' म्हणायचे, म्हणजे गाईंची इच्छा. ग्रीकांकडे चोर खुद्द देव, आणि झ्यूस त्यावर हसतो. ग्रीक वीर हेराक्लीस तर गेर्यॉन या राक्षसाला ठार करून त्याची गुरं हाकून आणतो. त्या गेर्यॉनचा गुन्हा काय? पुढे रोममध्ये त्याच गुरांतली काही काकुस नावाचा राक्षस शेपटीला धरून उलटी ओढत गुहेत नेतो, तेव्हा हेराक्लीस अन्याय झालेला!

आजोळी देवळामागे वीरगळ होता. खाली गाईंची रांग, वर लढाई. आजी सांगायची, "गुरं सोडवताना पडला गं हा." सणाला त्याला शेंदूर लागायचा.

गेर्यॉनचा गुराखी युरिटिऑनही गुरं राखतानाच मेला, त्याच्या ऑर्थोस कुत्र्यासोबत. ग्रीक कवी हेसिऑडने त्या दोघांना उभ्या उभ्या एका वाक्यात उरकलंय: महासागरापलीकडच्या धुकट गोठ्यात मारले गेले.