मागच्या शॉकमध्ये नायट्रोजनच का?

डर्ट बाईकचा मागचा शॉक, म्हणजे धक्के झेलणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर, खोलून टेबलावर ठेवला की मालक हमखास विचारतो, ‘‘यात साधी हवा भरली तर चालणार नाही का?’’ तुम्हीही तेच विचारलेत, आणि त्यामागचा हिशेब मला कळतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. मग उरलेल्या २२ टक्क्यांपायी सिलिंडर आणि रेग्युलेटरचा खर्च कशाला?

आधी एक गैरसमज दूर करतो. बाईक या वायूवर उभी नसते, स्प्रिंगवर उभी असते. शॉकचा दांडा १६ मिलिमीटर जाडीचा धरला, तर १० बार दाबाचा त्यावरचा जोर जेमतेम २० किलो भरतो. वायूचे खरे काम तेलाला दाबून धरण्याचे आहे. उडीनंतर चाक जमिनीवर आपटते तेव्हा दांडा आत शिरतो, त्याने अडवलेल्या जागेइतके तेल रिझर्व्हायरमध्ये, म्हणजे शॉकला जोडलेल्या छोट्या टाकीत, सरकते आणि तिथली वायूने भरलेली रबरी पिशवी आक्रसून त्याला जागा करून देते. पिस्टन वेगाने तेलातून जात असताना त्याच्या मागच्या बाजूचा दाब इतका घसरू शकतो की तेलात बुडबुडे धरतात, आणि एकदा फेस झाला की पिस्टनला अडवायला काही उरत नाही. मागचे चाक मोकाट उसळू लागते. म्हणून तेल सतत साधारण १० बार, म्हणजे १४५ पीएसआय, दाबाखाली ठेवावे लागते.

आता हवा की नायट्रोजन? ‘नायट्रोजन तापला तरी फुगत नाही’ असे कोणी ठामपणे सांगितले की मी वाद घालत नाही, पण ते खरे नाही. २५ अंशांना भरलेला १० बारचा दाब, जागा तेवढीच राहिली तर, १०० अंशांना पावणेतेराच्या आसपास जातो. कोरड्या हवेचेही तेच होते. फरक पडतो तो पाण्याने. एका जुलैत माझा सिलिंडर संपला होता आणि गिऱ्हाइकाला रविवारी ट्रॅकवर जायचे होते, म्हणून मी हातपंपाने हवा भरून शॉक दिला. पुढच्या हंगामात तो खोलला तेव्हा पिशवीच्या आत पाण्याचे थेंब होते आणि व्हॉल्व्हच्या पिनवर गंज चढला होता. ओल असली की गरम झाल्यावर दाब किती वाढेल याचा अंदाज चुकतो. शिवाय हवेतील ऑक्सिजन रबराला म्हातारे करतो. सिलिंडरमधला नायट्रोजन कोरडा असतो आणि पाहिजे तितका दाब सहज देतो, एवढेच त्याचे मोठेपण. त्या रविवारी बाईक मात्र व्यवस्थित चालली होती, हेही सांगितले पाहिजे.

ऑक्सिजनचा सिलिंडर मात्र चुकूनही जोडू नका; दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. टायरच्या दुकानातील नायट्रोजन कोरडा असला तरी टायरपुरत्या दाबाचा असतो, त्याने इथले काम होत नाही.

घरी टायरचे गेज लावून दाब तपासण्याचा मोहही आवरा. पिशवीतील जागा अर्धा कप चहाएवढी असते. गेजच्या नळीतच बराच दाब निघून जातो, आणि मग शॉक लीक आहे म्हणून तुम्ही पुन्हा माझ्याकडे येता.