तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या घराची वाळू

"सर, ते सगळं ठीक आहे, पण तुमचं घर बांधलं तेव्हा वाळू कुठून आणली?"

मंत्र्यांच्या वाळू धोरणावर मी दोन ओळी लिहिल्या, ग्रामसभेत उभा राहिलो, टपरीवर नुसता विषय निघाला तरी हा प्रश्न येतोच. विचारणारा विचारून मोकळा होतो आणि बाकीचे हसतात, की घ्या, सर गप्प झाले. तर एकदाचं सांगून टाकतो. गिरणा नदीतून आणली. रात्री आणली. पावती नव्हती.

झालं समाधान? मग आता पुढचंही ऐकून घ्या, कारण तुम्ही फक्त "कुठून" विचारता, "का" कोणी विचारत नाही. (विचारलं तरी माझं उत्तर तुम्हाला पटेलच असं नाही, मलाच ते सगळे दिवस पटत नाही.)

एप्रिल २०२३ मधे कॅबिनेटने नवीन वाळू धोरण काढलं. महसूलमंत्री राधाकृष्ण विखे पाटील सगळीकडे सांगत होते की वाळूघाटांचे लिलाव बंद, सरकारी डेपो उघडणार, ऑनलाइन नोंदणी करा, ६०० रुपये ब्रासने (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वाळू घ्या, वाहतूक तेवढी तुमची. मी रिटायरमेंटच्या पैशात घर काढलेलं, आणि खोटं कशाला बोलू, मी त्या घोषणेवर विश्वास ठेवला. गवंडी म्हणत होता सर, थांबू नका, आत्ता मिळतेय तशी घ्या. मी म्हटलं थांब, मंत्री बोललाय. पायाचं काम झालं, विटांचं निम्मं झालं, ते कसंतरी इकडून तिकडून मागून भागवलं. मे उजाडला, आमच्या भागात डेपो काही उघडेना, आणि १० जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत पात्रातून उपसा बंद असतो हे मला माहीत होतं, गवंड्यालाही माहीत होतं. स्लॅबच्या सळया उन्हात तापत पडलेल्या. शेवटी मीच एका ट्रॅक्टरवाल्याला फोन केला. साडेसहा हजार रुपये ब्रास. तीन ट्रॉल्या सांगितल्या.

पोरगा माझ्याच हाताखाली शिकलेला. नाव नाही लिहीत. दोन ट्रॉल्या स्लॅबला आल्या, रात्री अडीच-तीनला, दिवे बंद करून. मी टॉर्च धरून उभा. ट्रॉलीचा मागचा फाळका त्याने हिरव्या नायलॉनच्या दोरीने बांधलेला, गाठ सुटेना म्हणून दात लावून सोडली त्याने. वाळू ओली होती, अंगणात पाण्याचा ओघळ पार गेटपर्यंत गेला आणि सकाळी बायकोने तो शेणाने सारवून टाकला, काही न बोलता. तिसरी ट्रॉली प्लास्टरची, ती जूनच्या पहिल्या आठवड्यात येणार होती.

ती आली नाही. त्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखा फिरायला निघालो तर फाट्यावर तलाठी, कोतवाल, आणि मधे ट्रॅक्टर. तलाठी भला माणूस. मला बघून त्याला बरंच वाटलं, म्हणाला सर, देव भेटल्यासारखे भेटलात, दोन पंच पाहिजेत, एक कोतवालाने आणला, दुसरा कोणी उभा राहायला तयार नाही. मी ट्रॉलीकडे पाहिलं. हिरवी दोरी. खाली टपटप पाणी पडत होतं.

पोरगा टायरला टेकून उभा होता. तलाठ्याने विचारलं, कुठे चालली होती रे वाळू? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सोताच्या घरासाठी." तलाठ्याने तसंच लिहिलं. अंदाजे एक ब्रास, ओली, विनापरवाना, स्वतःच्या घरकामासाठी. खाली नेहमीचं वाक्य, की पंचनामा आम्हास वाचून दाखविला, तो बरोबर आहे. पेन माझ्या हातात आलं आणि मी घुटमळलो, तर पोरगा हळूच म्हणाला, "करी टाका सही, सर. तुमनं काय जास त्यामा?"

केली सही. पूर्ण नाव, एम.ए. बी.एड. सुद्धा लिहिलं, सवयीने.

दंड सव्वा लाखाच्या आसपास बसला त्याला, ट्रॅक्टर किती तरी दिवस तहसीलच्या आवारात उभा. मी पंधरा हजार घेऊन त्याच्या घरी गेलो होतो. बापाने चहा दिला, पैसे मोजलेही नाहीत, म्हणाला "न्या सर, ती ट्रॉली तुमच्यापर्यंत पोचलीच नाही ना." आता हे तो चांगुलपणाने बोलला की टोमणा होता, मला आजही कळलेलं नाही.

मग तुम्ही म्हणाल, इतकं आहे तर मंत्र्यांना नावं कशाला ठेवता. ठेवतो, कारण हा घोळ माझ्या एका ट्रॉलीच्या आधीपासूनचा आहे. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१२ मधे सांगितलं की पाच हेक्टरच्या आतल्या खाणपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागेल. जानेवारी २०१६ मधे केंद्राच्या पर्यावरण खात्याने, तेव्हा प्रकाश जावडेकर मंत्री होते, ते काम जिल्ह्यातल्या समितीकडे दिलं, अध्यक्ष कलेक्टर. म्हणजे गौण खनिजाच्या (वाळू, मुरूम, दगड) वसुलीचं टार्गेट ज्याच्या टेबलावर, मंजुरीचा कागदही त्याच टेबलावर. २०१८ मधे राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर आक्षेप घेतला. आणि गंमत सांगू का, २०१६ मधे मी या निर्णयाचं कौतुक केलेलं! मंजुरी मुंबई-दिल्लीहून आपल्या जळगावात आली म्हणून. त्या वेळच्या मला आता भेटता आलं तर कान धरला असता, पण तोही उलट विचारेल की मग तुझ्या मते मंजुरी कोणी द्यायची, आणि त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

राज्यातही तेच. लिलाव महसूलमंत्र्याचा. मंजुरीचं राज्य पातळीवरचं काम पर्यावरणमंत्र्याच्या खात्यातून. घाटाचा सर्व्हे करणारी भूजल यंत्रणा पाणीपुरवठा मंत्र्याची, आणि ते गुलाबराव पाटील तर आपल्याच जिल्ह्याचे. धरणाचं आवर्तन, म्हणजे नदीत पाणी सोडणं, जलसंपदाचं. चौघं एकाच कॅबिनेटच्या टेबलावर बसतात पण महसूलवाला बोलतो भावावर, पर्यावरणवाला बोलतो प्लास्टिकवर नाहीतर झाडांवर. रामदास कदमांच्या काळात २०१८ ला प्लास्टिकबंदी आली, आदित्य ठाकरेंच्या काळात माझी वसुंधरा मोहीम आली, शाळेत आम्ही शिक्षकांनी हात पुढे करून हरित शपथ घेतली, फोटो अपलोड केला. शपथ वाईट नव्हती हो. पण शाळेच्या मागे अर्ध्या किलोमीटरवर नदी, तिच्यात खडक उघडा पडलाय, आवर्तन सुटलं की पाणी फरशीवरून वाहिल्यासारखं निघून जातं, मुरतच नाही. गावाची पाणीपुरवठ्याची विहीर पात्रातच आहे. माझ्या लहानपणी आई हाताने वाळू उकरून झिरा करायची, वाटीने पाणी भरायची, हातभर खोल गेलं की पाणी. आता हातभर उकरायला वाळू तरी पाहिजे.

आणि हे लिहिताना एक गोष्ट लपवत होतो, तीही सांगतो. आमच्या घाटाचा लिलाव करू नये असा ठराव ग्रामसभेत मांडणारा मीच होतो. टाळ्या पडल्या, लिलाव झाला नाही, आणि उपसा एक दिवसही थांबला नाही. लिलाव झाला असता तर निदान पावती मिळाली असती, ग्रामपंचायतीला दोन पैसे आले असते, त्या पोराला दिवे बंद करावे लागले नसते. की मग दिवसाढवळ्या पोकलेन उतरले असते? ज्या गावांनी लिलाव होऊ दिला तिथले लोक मला सांगतात सर, तुम्ही वाचलात. आमच्या गावचे म्हणतात तुमच्यामुळे बुडालो. दोघांनाही मी मान डोलावतो.

एप्रिल २०२५ मधे पुन्हा नवीन धोरण आलं. महसूलमंत्री आता चंद्रशेखर बावनकुळे. डेपो बंद, परत लिलाव, घरकुलवाल्यांना पाच ब्रासपर्यंत मोफत, आणि दगड फोडून केलेल्या एम-सँडला प्रोत्साहन. एम-सँड मला बरी वाटते, माझा गवंडी मात्र नाक मुरडतो, म्हणतो प्लास्टरला हात बसत नाही. शिवाय तो दगड कुठल्या टेकडीचा, हे विचारायला आणखी एक ग्रामसभा लागेल, आणि तिथे मी उठलो की मागून तुमचा प्रश्न येणारच.

घराची मागची भिंत अजून बिनप्लास्टरची आहे. पावसात विटा ओल धरतात, आतल्या खोलीत पोपडे निघतात, बायको दर दिवाळीला विचारते. ६०० ची वाट बघतोय असं मी गमतीत म्हणायचो, आता तीही हसत नाही. गेल्या आठवड्यात तो पोरगा बाजारात भेटला, ट्रॅक्टर विकला त्याने, दुसऱ्याच्या डंपरवर ड्रायव्हर आहे. म्हणाला, "सर, भिंत राहिली ना तुमची? सांगा, टाकून देतो एक ट्रॉली."

मी सांगतो म्हटलं.