याझ-क्लायंट स्क्रिप्ट: आउटपुट स्वच्छ, काने शाबूत

झेड३९.५०वरून (ग्रंथालयांच्या सूचींत दुरून शोध घेण्याचा प्रोटोकॉल) मराठी पुस्तकांच्या नोंदी आपोआप उतरवणारी स्क्रिप्ट आता न अडखळता चालते. पायथनचं पीएक्सपेक्ट (दुसरा प्रोग्राम आपोआप चालवणारं मॉड्यूल) याझ-क्लायंटला, म्हणजे झेड३९.५०वर शोध घेणाऱ्या टर्मिनल प्रोग्रामला, हाकतं: जोडणी, शोध, नोंदी, पुढचा शोध. खरी मेहनत पडली ती परत येणाऱ्या मजकुरावर.

कच्चा लॉग 'कॅट -व्ही' या न दिसणारी चिन्हं दाखवणाऱ्या आज्ञेतून पाहिला की चोर लगेच सापडतात. ओळींच्या शेवटी कॅरेट-एम, म्हणजे कॅरेज रिटर्न. प्रॉम्प्टआधी एस्केप, चौकोनी कंस, प्रश्नचिन्ह, २००४, एच. हा रीडलाइनचा (टाइप केलेली ओळ हाताळणारी लायब्ररी) ब्रॅकेटेड पेस्ट, म्हणजे चिकटवलेला मजकूर वेगळा ओळखण्याची सोय; ८.१ आवृत्तीपासून तो आपसूक चालू असतो. इनपुटआरसी या रीडलाइनच्या सेटिंग्जच्या फाइलीत तो बंद केला, टर्म (टर्मिनलचा प्रकार सांगणारं चल) 'डम्ब' ठेवलं, आणि रेजेक्सची (मजकुरातले नमुने शोधणाऱ्या सूत्रांची) लांबलचक जंत्री लिहायची वेळच आली नाही.

एको, म्हणजे पाठवलेली आज्ञाच परत छापली जाणं, मात्र चिवट. पीएक्सपेक्टला 'एको नको' सांगून भागत नाही, कारण टाइप केलेलं परत छापायचं काम रीडलाइन स्वतःच करते. म्हणून आज्ञा पाठवल्यावर येणारी पहिली ओळ सरळ टाकून देतो. त्यासाठी टर्मिनलची खिडकी ४०० रकान्यांची केली. मुळातल्या ८०मध्ये लांब शोध मावत नाही आणि ती ओळ नेमकी कुठे संपली ते कळत नाही.

उरलेल्या मजकुरातून एकच आकडा हवा असतो: किती नोंदी सापडल्या. नोंदी पडद्यावरून खरवडायच्याच नाहीत. याझ-क्लायंटचा '-एम' पर्याय त्या थेट फाइलीत टाकतो.

आता कळीचा मुद्दा. जुन्या नोंदी बऱ्याचदा मार्क-८ या ग्रंथालयांच्या जुन्या अक्षर-संकेतनात असतात. त्यात देवनागरी नाहीच, शीर्षकं रोमनमध्ये. दीर्घ स्वरावरची आडवी रेघ म्हणजे ई५ हा बाइट, अक्षराखालचा टिंब म्हणजे एफ२, आणि दोन्ही अक्षराच्या आधी येतात. युनिकोडमध्ये ही चिन्हं अक्षरानंतर. टर्मिनलवर हे कचऱ्यासारखंच दिसतं, आणि 'आस्की (साधी इंग्रजी अक्षरं, अंक, चिन्हं) नसलेलं सगळं उडवा' ही जागोजाग सापडणारी एका ओळीची युक्ती ते गिळून टाकते. मग कला, काला, कळा आणि काळा हे चारही शब्द एकच होऊन बसतात! मराठी नोंदींवर ही युक्ती कोणीही चालवू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याऐवजी याझ-मार्कडम्प या नोंदी रूपांतरित करणाऱ्या प्रोग्रामने मार्क-८चं यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) करून घ्या आणि लीडरच्या, म्हणजे नोंदीच्या सुरुवातीच्या ठरावीक भागाच्या, नवव्या स्थानी (मोजणी शून्यापासून) युनिकोडची खूण असलेला 'ए' भरा.

लीडरमध्ये 'ए' असूनही पोटात मार्क-८ निघणाऱ्या नोंदी वेगळ्या काढण्याचं काम सध्या चालू आहे. ई५नंतर लगेच साधं आस्की अक्षर आलं तर ते वैध यूटीएफ-८ असूच शकत नाही, त्यामुळे बहुतेक नोंदी तेवढ्यावरच पकडता येतात.